नखाची ओवी

गाढी नदी डिसेंबरात शहाणी होते. पावसाळ्यातला दंगा ओसरतो, दगड डोकी वर काढतात, आणि त्यांच्यामधून जी धार वाहते ती इतकी निवळ, की तळाचा खडा न् खडा ओळख द्यायला वर यावा. नेऱ्याच्या वरच्या अंगाला अशाच एका धारेत शशिकलाबाई पोटरीभर पाण्यात उभ्या होत्या. पायात रबरी बूट, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी, हातात लांब दांड्याची जाळी.

"निनाद, तू कुठे उभा आहेस?"

"नदीत, मॅडम."

"ते मलाही कळतंय. वरच्या बाजूला उभा आहेस. तू तळ ढवळलास की तुझा सगळा गाळ खाली रुचिराच्या जाळीत. खालून सुरुवात करायची आणि वर सरकत जायचं. पुण्याला हे शिकवत नाहीत?"

"पुण्यात नदी वाहते कुठे, मॅडम? तिथे वर-खाली असा भेदभावच नाही."

रुचिरा हसता हसता घसरली आणि कामोठ्याहून आणलेल्या तिच्या कोऱ्या बुटांत पाणी भरलं. "शी! सॉक्स गेले!"

मोनालीने तिला दंडाला धरून उभं केलं. "एवढ्याशा पाण्यात? आमच्या उरणला बायका मांडीपर्यंत चिखलात रुततात, तरी डोक्यावरची पाटी हलत नाय."

तिघंही नुकती एम.एस्सी. झालेली. नद्यांच्या पाहणीचं एक काम निघालं होतं, त्यावर त्यांची नेमणूक झाली होती. पाण्यातले बारीक जीव, बहुतेक उडत्या किड्यांची पिल्लं, पकडायचे, ओळखायचे, आणि त्यांच्यावरून नदीची तब्येत सांगायची. प्रशिक्षण संपलं की एकेकाला एकेक नदी मिळणार होती, आणि मग त्यांच्या पाठीशी शशिकलाबाई नसणार होत्या. कॉलेजातून निवृत्त झालेल्या बाईंना पाहणीच्या प्रमुखांनी, उदयसिंह सरांनी, घरी जाऊन गळ घातली होती. म्हणाले होते, "ताई, किडे ओळखणारी माणसं किड्यांपेक्षा वेगाने संपत चालली आहेत. तुम्ही आलात तर निदान तीन तयार होतील."

मोनालीने पायाने दगड चाळवले, सुटं झालेलं सगळं जाळीत वाहून आलं. जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी केली. आधी नुसता पालापाचोळा दिसला. थोड्या वेळाने तो पालापाचोळा चालायला लागला.

"म्हणा," बाई म्हणाल्या.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. पहिल्या दिवशी गाताना त्यांना लाज वाटली होती, आता सवय झाली होती. बाईंचं माहेर ओवे गावचं. तिथे लहानपणी आईच्या जात्याजवळ बसून ऐकलेला ठेका त्यांच्या अंगात मुरलेला होता. पुस्तकातली किडे ओळखायची लांबलचक कोष्टकं कॉलेजातल्या पोरांच्या डोक्यात राहीनात, तेव्हा कित्येक वर्षांपूर्वी बाईंनी ती कोष्टकं त्या ठेक्यात बसवली होती.

*पहिली माझी ओवी गं, दगडाच्या तळाला,*
*तळी बसल्या पिल्लाला, पाय सहा.*

*दुसरी माझी ओवी गं, पायाच्या टोकाला,*
*एक नख का दोन नखं, नीट पाहा.*

*तिसरी माझी ओवी गं, कल्ल्यांच्या पानाला,*
*पोटावर का छातीवर, सांग मला.*

*चौथी माझी ओवी गं, शेवटी शेपटीला,*
*तुटक्या तिच्या साक्षीला, भुलू नको.*

"दोन नखं?" बाईंनी विचारलं.

"स्टोनफ्लाय," तिघं म्हणाले.

"एक नख?"

"मेफ्लाय."

"आणि शेपट्या मोजून नाव कोण देतं?"

"गाढव," निनाद म्हणाला, "आणि ते गाढव मी होतो, सोमवारी."

बाई हसल्या. हसताना त्यांनी निनादच्या दिशेने तोंड केलं, आणि निनादचं तोंड पुसलं गेलं.

असंच होत होतं, गणपतीपासून. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर कुणी ओलं बोट फिरवून रंग पसरवावा, तसं. केस दिसायचे, खांदे दिसायचे, कडेचं झाड दिसायचं, पण जे बघायचं तेच नेमकं नाहीसं व्हायचं. पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला होता. "डाग मधोमध आहे, मॅडम. कडेचं दिसत राहील. बारीक काम मात्र आता सोडा." बाईंनी मान हलवली होती, रिक्षात बसल्या होत्या, आणि कुणाला काही सांगितलं नव्हतं. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? बारीक कामच.

आणि तरीही मागच्या आठवड्यात, प्रशिक्षणाची जागा बघायला त्या एकट्या इथे आल्या होत्या तेव्हा, त्यांच्या ट्रेमध्ये एक चपटं, तपकिरी पिल्लू सरपटलं होतं. बाईंनी ते अल्कोहोलच्या कुपीत घातलं, घरी भिंगाखाली धरलं. नखं दिसली नाहीत. मान तिरकी केली, दिवा हलवला, नखाच्या जागी तोच राखाडी ढग. कडेने मात्र दोन शेपट्या दिसल्या. दोन शेपट्या म्हणजे स्टोनफ्लाय, मेफ्लायला बहुतेक तीन. तरुणपणी याच धारेत दगड उलटावा तिथे ती असायची. मग वर्षानुवर्षं दिसली नव्हती. ती फक्त चांगल्या पाण्यात राहते, पाणी जरा बिघडलं की पहिली निघून जाते. आणि आता परत आली होती. बाईंनी पेन्सिलीने लेबल लिहिलं, कुपीत टाकलं, आणि उदयसिंह सरांना फोन केला.

सर इतके हरखले, की शनिवारच्या सादरीकरणाची पहिली स्लाइडच त्यांनी तिच्या नावाची केली. 'गाढीत स्टोनफ्लाय परतली.'

तेव्हापासून बाईंना नीट झोप नव्हती. शेपट्या मोजून नाव दिलं होतं त्यांनी.

*

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुप्या रांगेने मांडल्या. पोरांच्या, बाईंच्या, सगळ्यांच्या एकाच लाकडी घडवंचीत. इथे बाईंचाच एक नियम होता, नोकरीच्या सुरुवातीपासूनचा. दर दहावी कुपी दुसऱ्याच्या टेबलावर जायची. ती कुणी ओळखली, तो लहान का मोठा, याला महत्त्व नाही. दुसऱ्याने पुन्हा पहिल्यापासून बघायचं, आणि नाव बरोबर का चूक ते सांगायचं. "देवाची असली तरी दहावी तपासायची," असं त्या म्हणायच्या. एकदा त्यांनी खुद्द प्राचार्यांची कुपी चूक ठरवली होती, आणि प्राचार्यांनी नंतर सगळ्यांना पेढे वाटले होते.

पोरं डबे धुवायला गेली होती. बाईंनी घडवंचीवरून बोट फिरवलं. बोटाला अजून सगळं दिसत होतं. झाकणं मोजत मोजत त्या स्वतःच्या कुपीपाशी आल्या. तिसऱ्या रांगेत, दहाव्या घरात.

एक घर सरकवली असती, तर ती दहावी राहिली नसती. शेजारची इकडे, ही तिकडे. दहा घरांत कुणी कुठली बसवली, ते कोण लक्षात ठेवतंय?

बोट झाकणावर राहिलं. बाहेर व्हरांड्यात निनाद कुठल्यातरी सिनेमाचं गाणं चुकीच्या सुरात म्हणत येत होता. बाईंनी कुपी सरकवली नाही. कदाचित ती स्टोनफ्लाय असेलही. नसेल, तर ते त्यांना कळायला हवं होतं, आणि स्वतःच्या डोळ्यांनी ते आता कधीच कळणार नव्हतं. हात राहिलाय का आपला? डोळा गेला तरी अंदाज खरा येतो का? येत असेल, तर आणखी दोन-तीन वर्षं कुणाला काही सांगायची गरज नाही. एवढंच त्यांना हवं होतं.

रुचिराने दहाव्या कुप्या वेचल्या आणि वाटल्या. बाईंची मोनालीच्या टेबलावर गेली.

"मॅडम, एक सजेशन देऊ?" निनाद म्हणाला. "त्या कपाटात कॅमेरा पडलाय. मायक्रोस्कोपला लावला तर भिंतीवरच्या टीव्हीवर एवढा मोठा पाय दिसेल."

"टीव्हीवर सासू-सुना बघतात. किडे मायक्रोस्कोपमधून. आणि मनात बघू नका, मोठ्याने म्हणत बघा. म्हणजे पायरी गळत नाही."

मोनालीने कुपी उचलली. लेबलावरचं अक्षर बघून ती क्षणभर थांबली. बाईंचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक असायचं. हे अक्षर मोठं होतं, आणि शेवटाकडे उतरत गेलेलं. तिने चिमट्याने पिल्लू काचेच्या बशीत ठेवलं आणि डोळे मायक्रोस्कोपला लावले.

"पहिली माझी ओवी गं, दगडाच्या तळाला... पाय सहा."

मग शांतता. फोकसचं चाक फिरल्याचा बारीक आवाज. पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"तिसरी माझी ओवी गं, कल्ल्यांच्या पानाला... कल्ले जाळीत गळलेत. दिसत नाहीत."

चाक पुन्हा फिरलं.

"चौथी माझी ओवी गं... शेपट्या दोन." मोनालीने डोळे वर केले. "स्टोनफ्लाय. नाव बरोबर आहे, बाई."

बाकीची दोघं त्यांना मॅडम म्हणायची, मोनाली बाई म्हणायची, शाळेतल्यासारखं.

"वा! नदी पास!" निनादने टेबलावर थाप मारली. दारातून उदयसिंह सर आत डोकावले, हातात लॅपटॉप तसाच उघडा. "मग ताई, स्लाइड पक्की?"

बाई हसल्या नाहीत. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, डोळ्यांनी जे गेलं ते कानांनी गोळा करत.

"जरा थांबा, सर," त्या म्हणाल्या. "मोनाली, चल, चहा घेऊन येऊ."

*

कँटीनमागे बदामाच्या झाडाखाली एक सिमेंटचा बाक होता. पोऱ्याला हाक न मारता मोनालीच दोन कप घेऊन आली. बाईंच्या हातात कप देताना तिने त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसवली, आणि मग हात सोडला.

"दुसरी ओवी कुठे गेली?" बाईंनी विचारलं.

मोनालीने आपल्या चहावर फुंकर घातली.

"पहिली झाली, तिसरी झाली, चौथी झाली. मधली एक कुठे सांडलीस?"

"विसरले, बाई."

"एक म्हटल्यावर तीन म्हणताना जीभ अडखळते. तुझी अडखळली नाही. तू ठरवून उडी मारलीस." बाईंचा आवाज चढला नव्हता. "आणि मला आवडलं काय, सांगू? नाव खोटं सांगितलंस, पण नखं खोटी मोजली नाहीस. ओवीतून खोटं बोलवलं नाही तुला. नुसती एक पायरी ओलांडलीस."

मोनालीने कप बाकावर ठेवला. ती बोलली तेव्हा तिच्या बोलण्यातून कॉलेज गळून पडलं होतं.

"तुमाला कधीपासून दिसत नाय, बाई?"

झाडावरून एक लाल पान बाकावर पडलं. बाईंनी ते चाचपून उचललं.

"तुला कसं कळलं?"

"तुमी माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडं बघता. माझे आजोबा तसंच बघायचे."

"आजोबा काय करायचे?"

"तांडेल व्हते. होडीवर त्यांचाच शब्द. काशीराम तांडेल म्हटलं की करंजा बंदरापासून सगळे वळखायचे. पाण्याचा रंग बघून सांगायचे, मासळी कुठं हाय." मोनालीने नाक पुसलं. "मग डोळे गेले. पण आमच्यात तांडेलाला 'चुकलास' म्हणायची रीत नाय. ते म्हणायचे, डाव्या अंगाला जाळी टाका. माझे बाबा म्हणायचे, 'व्हय.' आणि उजव्या अंगाला टाकायचे. घरी आल्यावर पहिला वाटा आजोबांचा. बाबा सांगायचे, बघा, तुमी म्हणालात तितंच गावली."

"आजोबांना कळायचं?"

"कळायचं. वारा कुठल्या गालाला लागतो त्यावरून होडी कुठं वळली ते समजतंच की. पण बोलले नाय कधी. एक दिवस म्हणाले, आज गुडघा दुखतोय, तुमी जा. त्यानंतर होडीत चढलेच नाय."

बाईंनी चहाचा घोट घेतला. तो निवला होता.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून," त्या हळूच म्हणाल्या, "एवढ्या मायेने, त्यांना होडीतून उतरवलंत."

मोनालीने मान खाली घातली आणि ती रडायला लागली, लहान पोरीसारखी, खांदे उडवत. बाईंनी हात पुढे केला. तो आधी हवेत गेला, मग तिच्या डोक्यावर आला.

"रडू नको गो, पोरी." हा स्वर ओवे गावचा होता, कॉलेजात तो कुणी ऐकला नव्हता. "तुझ्या बापाची काय चूक? प्रेमच केलं त्याने. पण मला घरी बसून गुडघा दुखवून घ्यायचा नाय. मला होडीत राहायचंय. तर तू आता मला सांग. नखं किती?"

"एक, बाई."

"सगळ्या पायांना?"

"सगळ्या. नीट बघितलं मी. चार-चारदा बघितलं, दोन व्हावीत म्हणून."

"आणि शेपट्या?"

"तिसरी तुटलीय. तिचं मूळ तेवढं राहिलंय. मधोमध. ठिपक्याएवढं."

मधोमध. नेमकं तिथेच, जिथे त्यांचा ढग बसला होता.

महामार्गावरून कळंबोलीकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर येत राहिली. मग बाई म्हणाल्या, "मला ती हवी होती गं. हवी होती, म्हणून दिसली. डोळ्याचं एक सोड, तो काय, म्हातारा झाला. पण मी तुम्हाला सांगते शेपटीला भुलू नका, आणि मीच भुलले." त्यांनी कप खाली ठेवला. "ऊठ. आत जाऊन दुसरी ओवी म्हण."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. उद्या तू एकटी असशील कुठल्यातरी नदीवर. समोर कुणीतरी मोठा माणूस असेल, आणि त्याला काहीतरी फार हवं असेल. तेव्हा जीभ अडायला नको. इथे अडू दे, मी आहे."

*

मोनाली मायक्रोस्कोपपाशी बसली. तिचे डोळे अजून ओले होते, त्यामुळे पहिल्यांदा काचच धुरकटली, आणि रुचिराने काही न विचारता आपला रुमाल दिला.

"दुसरी माझी ओवी गं," ती म्हणाली, आणि थांबली.

बाई तिच्या मागे उभ्या होत्या, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

"दुसरी माझी ओवी गं, पायाच्या टोकाला. एक नख का दोन नखं..." तिने श्वास घेतला. "एक. एकच नख आहे. मेफ्लाय आहे ही. आधी मी सांगितलं ते चूक होतं. लेबलावरचं नावही चूक आहे."

निनादने लेबलावरचं अक्षर बघितलं, मग बाईंकडे बघितलं. उदयसिंह सर लॅपटॉप मांडीवर घेऊन स्टुलावर टेकले.

"ताई, एका नखाने..."

"नखानेच, सर." बाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांत डाग आहे. मधोमध. गणपतीपासून. मी कुणाला सांगितलं नाही. नखं मला दिसली नव्हती, तरी मी नाव दिलं. यापुढे 'ओळखणारी' म्हणून माझं नाव लिहू नका. शिकवायला ठेवणार असाल तर येईन."

सर काही क्षण पडद्यावरच्या त्या मोठ्या अक्षरांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. मग त्यांनी एकेक अक्षर पुसलं. "ठेवणार असाल तर, म्हणे. तुम्हाला कोण सोडतंय? पण मग नदीचं काय लिहू? मेफ्लायसुद्धा चांगल्या पाण्यातच राहते ना?"

"ही बऱ्या पाण्यात राहते. बरी आहे म्हणून लिहा. नदीला खोटी शाबासकी दिली की मग कुणी लक्ष देत नाही तिच्याकडे, माणसाचंही तसंच."

"मॅडम," निनाद घसा खाकरून म्हणाला, "तो कॅमेरा... म्हणजे सासू-सुना नाही, फक्त पाय. टीव्हीला नाक लावून कडेने बघितलंत तर कदाचित..."

"आधी टीव्ही चालतो का बघ."

तो धावतच कपाटाकडे गेला. टीव्ही चालेल का, चालला तरी त्या ढगाच्या कडेने नख दिसेल का, हे बाईंना ठाऊक नव्हतं. पण पोरगं धावलं ते त्यांना ऐकू आलं, आणि बरं वाटलं.

रुचिराने चिमट्याने कुपीतलं जुनं लेबल पकडलं. "हे टाकून देऊ ना, मॅडम?"

"अंहं. जुनं लेबल कधी काढायचं नसतं. आधी कुणाला काय वाटलं, तेही राहू द्यायचं. नवं त्याच्यासोबत घालायचं." बाई मोनालीकडे वळल्या, म्हणजे तिच्या कानाकडे. "लिही. पेन्सिलीने. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते."

मोनालीने कागदाचा छोटा तुकडा कापला. नदीचं नाव लिहिलं, जागा लिहिली, पिल्लाचं नाव लिहिलं. शेवटच्या ओळीत, ओळखणाऱ्याच्या जागी, तिने स्वतःचं नाव लिहिलं. पिल्लू परत कुपीत गेलं, त्याच्यामागे कागद.

तिने कुपी बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली. समोर धरली तेव्हा ती पुसली गेली. मग त्यांनी मान वळवली, बदामाच्या झाडाकडे बघत असल्यासारखी, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना दिसलं: पिल्लू नाही, नख तर नाहीच, पण दोन पांढरे कागद, हळूहळू खाली उतरणारे. तळाला गेल्यावर एक दुसऱ्याला टेकला.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता पुढची कुपी घे. आणि पहिलीपासून म्हण."